ब्लॉक कॅप्टन हो, पण एकटी होऊ नकोस

रविवार, 12 ऑक्टोबर 2025, सँटा रोझा

लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनात माझी मामेबहीण राहायची, जानेवारीच्या आगीत तिचं घर गेलं. आता तिला तिच्या गल्लीतल्या लोकांनी ब्लॉक कॅप्टन, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना जोडून ठेवून त्यांच्या वतीनं बोलणारी, हो म्हणून गळ घातलीय आणि ती सारखी मला विचारतेय, ताई, होऊ का? तिचं म्हणणं असं की मी तर भाड्यानं राहत होते, घर माझ्या मालकीचं नव्हतंच, मग घरवाल्यांच्या वतीनं बोलायचा मला काय हक्क. आज दुपारी फोनवर खूप वेळ बोललो, तरी जे मनात होतं ते सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय आणि रात्री तिलाच पाठवणार आहे.

सगळ्यात आधी मी तिला आमच्या सँटा रोझातल्या जेफ ओक्रेप्कीचं सांगितलं. 8 ऑक्टोबर 2017 च्या रात्री इथे उत्तर कॅलिफोर्नियात कॅलिस्टोगाजवळ टब्स नावाची वणव्याची आग लागली, कोरडा वारा इतका सुसाट होता की काही तासांत ती डोंगर उतरून सँटा रोझात आली आणि सहा पदरी 101 हायवे ओलांडून पलीकडच्या कॉफी पार्कमध्ये घुसली. आग हायवे ओलांडेल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. कॉफी पार्क म्हणजे सपाटीवरची साधी मध्यमवर्गीय वस्ती, घरं एकमेकांना जवळजवळ चिकटून, आगीच्या धोक्याच्या नकाशात ती नव्हतीच. तिथली हजारावर घरं एका रात्रीत गेली, आणि अख्ख्या टब्स आगीत 22 माणसं आणि 5,600 हून जास्त इमारती. आमचं घर दुसऱ्या टोकाला, ते वाचलं, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं गेलं. तर हा जेफ कॉफी पार्कमध्ये भाड्यानंच राहायचा, नोकरी इन्शुरन्सच्या धंद्यातली, आणि शेजाऱ्यांना गोळा करून कॉफी स्ट्राँग ही संस्था उभी करण्यात तो सगळ्यात पुढे होता. पुढे 2022 मध्ये लोकांनी त्याला सिटी कौन्सिलवर निवडून दिलं. त्यामुळे भाडेकरूला काय हक्क हा प्रश्न माझ्यापुरता तरी संपलेला आहे. ज्याची रात्र त्या गल्लीत गेली त्याला हक्क आहे.

मैत्रिणीला सोबत म्हणून मी तेव्हा कॉफी स्ट्राँगच्या मीटिंगांना जायचे. बाहेरच्या लोकांना वाटतं अशा संस्था म्हणजे ब्लँकेटं वाटणं, कपडे वाटणं. ते पहिल्या काही आठवड्यांत होतं आणि ते करायला शेकडो हात येतात. खरं काम त्यानंतरचं आणि ते जवळजवळ सगळं कागदांचं असतं. वस्तीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला एक दोन माणसं नेमायची, आणि त्यांनी आधी एवढंच करायचं की आपल्या गल्लीतला कोण आता कुठे राहतोय, कुणाच्या बहिणीकडे, कुणी दुसऱ्या गावात, कुणी ट्रेलरमध्ये, ते शोधून यादी करायची. ही यादी सरकारकडे नसते हो, फोन नंबर बदललेले, पत्ता तर उरलेलाच नाही, आणि म्हातारी माणसं ईमेल बघत नाहीत. एकदा यादी झाली की मग बाकीचं सुरू होतं. कुणाच्या पॉलिसीत घर बांधायला पुरेसे पैसेच नाहीत हे त्याला पहिल्यांदा मीटिंगमध्ये कळायचं, शेजारच्याची पॉलिसी ऐकून. आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम विभागाच्या, ठेकेदारांनी राख आणि मलबा काढताना काही प्लॉट गरजेपेक्षा खोल खणून ठेवले होते, एकट्या घरवाल्यानं तक्रार केली असती तर त्याला कुणी दाद दिली असती का मला शंका आहे, पण एका वस्तीची माणसं नकाशा घेऊन उभी राहिली की ऐकावं लागतं. मग चार-पाच घरवाल्यांनी मिळून एकच बिल्डर आणि थोडेफार सारखे प्लॅन घ्यायचे म्हणजे खर्च खाली येतो, ते पण. आणि हॉपर ॲव्हेन्यूच्या कडेची ती भिंत! जळून करपलेली, अर्धवट पडलेली, आणि ती पाडायची कुणी, बांधायची कुणी, यावर किती दिवस गेले. देणग्या आणि कंत्राटदारांची मदत मिळवून शेवटी ती मार्गी लागली. कुठल्याच सरकारी फॉर्ममध्ये भिंतीचा रकाना नव्हता, पण रोज घरी येताना ती काळी भिंत बघणाऱ्यांना ते काम किती मोठं होतं ते माहीत आहे.

बहिणीला सामानाची यादी करायला मी मदत केली होती फेब्रुवारीत. भाडेकरूचा इन्शुरन्स म्हणजे सामानाचाच, आणि एकेक वस्तू लिहायची, कधी घेतली, किती किंमत. ती लिहिता लिहिता सोऱ्यापाशी थांबली. मामीनं दिलेला पितळी सोऱ्या, त्याची काय किंमत लिहू ताई म्हणाली आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात दिवाळी आहे, चकल्या मी पाठवतेय. पण सांगायचं ते हे की त्या यादीचं काम तिला आता पाठ आहे, आणि तिच्या गल्लीत अजून अशी माणसं आहेत ज्यांनी यादी निम्म्यावर सोडून दिलीय कारण लिहवत नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसायला इन्शुरन्सवाला येणार नाही, तिनंच जायला हवं.

अल्टाडीनाची अडचण तर आमच्यापेक्षा मोठी आहे. सँटा रोझाला निदान स्वतःची महापालिका होती, परमिटसाठी वेगळं ऑफिस उघडलं गेलं, कुणाला जाब विचारायचा ते माहीत होतं. अल्टाडीना म्हणजे नुसता काउंटीचा, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा, भाग, स्वतःचा मेयर नाही, सिटी कौन्सिल नाही, जी टाउन कौन्सिल आहे ती फक्त सल्ला देणारी. 7 जानेवारी 2025 च्या त्या ईटन आगीत 9,400 हून जास्त इमारती गेल्या, 19 माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेची, जिथे घरं सोडायचा आदेशच फार उशिरा आला. तोच भाग काळ्या कुटुंबांचा, ज्यांनी शेजारच्या गावांत घर मिळत नव्हतं त्या काळात इथे घरं घेतली आणि पिढ्यानपिढ्या टिकवली. अशा ठिकाणी गल्लीतल्या माणसांनी संघटना केली नाही तर प्लॉट एकेक करून विकले जाणार, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि भाडेकरूंच्याही खाली अजून एक थर आहे. इथे आमच्या सोनोमा काउंटीत 2017 च्या आगीनंतर महिन्याच्या आत अनडॉक्युफंड सुरू झाला, कारण द्राक्षमळ्यात आणि घरकामात राबणाऱ्या कितीतरी लोकांकडे कागदपत्रं नव्हती आणि त्यांना फेमाची, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाची, मदत मिळणारच नव्हती. तो फंड कामगारांच्या स्थानिक संघटनांनी मिळून काढला. बाहेरून आलेल्या माणसाला हे लोक दिसलेच नसते. बहिणीला मी हे मुद्दाम सांगितलं, की तुझ्या यादीत बागकाम करणारे आणि म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका पण असू देत, त्यांचं घर तिथे नव्हतं, पण पोट तिथे होतं.

माझं माहेर औसा, किल्लारी आमच्याच तालुक्यात. 1993 च्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं, स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि प्रेमा गोपालन त्यामागे होत्या. आणि 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा ह्याच लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडे गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला की आम्ही कसं केलं. इथे नेमकं तेच चाललंय. सोनोमातली जेनिफर ग्रे थॉम्पसनची संस्था, जी आधी रीबिल्ड नॉर्थबे होती आणि आता आफ्टर द फायर यूएसए आहे, ती जुन्या आगीतल्या माणसांना नव्या आगीतल्या माणसांपर्यंत नेते. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज, कोलोरॅडोत लुइसव्हिल आणि सुपीरियर, हवाईत मावी बेटावरचं लाहाइना, आणि आता अल्टाडीना. जळालेल्या माणसावर जळालेल्या माणसाचा विश्वास बसतो, अधिकाऱ्याचा सूट बघून बसत नाही.

पण एक गोष्ट मला फार टोचते आणि ती मी बहिणीला स्पष्ट सांगितली. ही सगळी माणसं फुकट राबतात. दिवसभर नोकरी, स्वतःचा क्लेम, स्वतःची मुलं, आणि रात्री अकरा वाजता शेजाऱ्याचा फोन, रडणारा. पहिल्या वर्षी कॅमेरे असतात, देणग्या येतात, सत्कार होतात. घरं खऱ्या अर्थानं बांधायला लागतात ती दुसऱ्या तिसऱ्या वर्षी, राहण्याच्या खर्चाचे इन्शुरन्सचे पैसे संपतात ते तेव्हाच, आणि बरोबर तेव्हाच देणग्या आटलेल्या असतात आणि कॅप्टन थकलेले. मी मीटिंगांमध्ये हे डोळ्यांनी बघितलंय, खुर्च्या रिकाम्या होत जायच्या आणि पुढे उभी राहणारी तीच तीन-चार माणसं. त्यांना हिरो म्हणू नका, पगार द्या. देणगीदार म्हणतात आमचे पैसे थेट बाधितांना जावेत, ऑफिसखर्चात नकोत, अहो पण यादी ठेवणारी ती बाई स्वतः बाधितच आहे ना!

म्हणून मी तिला हो म्हण सांगितलं, पण अटी घालून. एकटीनं घ्यायचं नाही, प्रत्येक गल्लीला दोन जण, म्हणजे एकीला महिनाभर फोन बंद ठेवता आला पाहिजे. यादी एकाच्या लॅपटॉपवर नको, सगळ्यांना दिसेल अशी. आणि संस्था रजिस्टर झाली की पहिल्याच बजेटमध्ये निदान एका माणसाचा पगार लिहायचा, तीन वर्षांचा, त्याशिवाय कुणाच्या फंडाला हात जोडायचे नाहीत. ती म्हणाली पगार मागायला लाज वाटते ताई. मी म्हटलं तुला वाटत असेल तर मी मागते, मीटिंगचा झूम नंबर पाठव. तिच्या समोरच्या घरात राहणाऱ्या रिटायर्ड शिक्षिका दुसऱ्या कॅप्टन व्हायला तयार आहेत म्हणे, आयुष्यभर वर्ग सांभाळलाय त्यांनी, गल्ली सहज सांभाळतील. बजेटचा कच्चा तक्ता मी आत्ता करायला घेतेय, मंगळवारच्या आत तिला द्यायचाय.