आमची वाटचाल : नऊवारीचे भाव सहा चलनांत

शिवलेली नऊवारी हा आमचा धंदा. डोंबिवलीत मी आणि माझी जाऊ, दोघींनी मिळून तो सुरू केला. पहिली काही वर्षं परदेशी विक्री म्हणजे सुट्टीत माहेरी आलेल्या मुली बॅगेतून नेत तेवढीच. पुढे ऑनलाइन दुकान उघडलं, पण भाव रुपयांतच ठेवले. न्यू जर्सी, दुबई, मस्कत, लंडनहून विचारणा येऊ लागली, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असे : "ताई, आमच्याकडचे किती होतील?"

याचं पक्कं उत्तर आमच्याकडे नव्हतं. कार्डावरच्या रुपयांचं रूपांतर तिची बँक करते, तेही स्वतःच्या दराने. शिवाय बऱ्याच कार्डांना परदेशी व्यवहाराचं शुल्क लागतं, ते निराळंच. आम्ही अंदाजाने सांगितलेला आकडा आणि तिच्या स्टेटमेंटवरचा आकडा यांत फरक पडायचाच. रोजच्या दराने भाव बदलून दाखवणारं प्लगइनही बसवलं. त्याने सकाळी ५१.३७ डॉलर दाखवले तर संध्याकाळी ५०.९२.

यातून मार्ग निघाला तो मंडळांच्या ऑर्डरींमुळे. जून २०२४ मध्ये अमेरिकेत सॅन होजेला तिकडच्या मराठी मंडळांच्या संस्थेचं, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन होतं आणि त्यासाठी लेझीमच्या एका गटाने आमच्याकडे नऊवाऱ्या सांगितल्या होत्या. मापं येणार हप्त्याहप्त्याने, पैसेही जसजसे गोळा होतील तसतसे. खजिनदार काकूंना एकच हवं होतं : पहिल्या बाईला सांगितलेला भाव शेवटच्या बाईलाही तोच मिळाला पाहिजे. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. आम्ही रुपयाचं रूपांतर दाखवणं बंद केलं आणि प्रत्येक चलनातला भाव स्वतः ठरवून लिहायला लागलो. तो तीन महिने हलवायचा नाही, हा नियम तेव्हापासून पाळतो.

हिशेब आम्ही उलट्या बाजूने करतो. एका पेशवाई नऊवारीमागे कापड, अस्तर, शिलाई, पॅकिंग आणि आमचा नफा धरून हातात ४,४०० रुपये पडायला हवेत, असं समजा. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या गेटवेचं शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि चलन बदलताना पडणारी तूट मिळून आम्ही ५ टक्के धरतो. म्हणजे ग्राहकाकडून ४,६३२ रुपये यायला हवेत. बाजारात डॉलर ८८ असेल तर आम्ही तो ८५ च धरतो, कारण तीन महिन्यांत तो खाली आला तरी भाव टिकला पाहिजे. भागाकार येतो ५४.४९, म्हणून भाव ५५ डॉलर. कुरियर वेगळं.

देशातल्या विक्रीचा भाव सरळ डॉलरमध्ये बदलू नये, याला आणखी एक कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो. निर्यातीला मात्र, दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, भरलं की, कर न लावता माल पाठवता येतो. तो करही परदेशातल्या मुलीच्या भावात धरला तर तिच्याकडून न लागणारे पैसे घेतल्यासारखं होतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांना मी दर वेळी सांगते की एकाच विक्रीचे तीन दर दिसतील, घाबरू नका. कस्टम्सचा दर महिन्यातून दोनदा जाहीर होतो आणि शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदात, तोच चालतो. पैसे जमा होतात ते गेटवे किंवा बँकेच्या दराने. बातम्यांत दिसणारा दर तिसराच. हे तिन्ही एकमेकांशी जुळायचे नसतात. बिल आणि बँकेचा जमा दाखला जुळायला हवेत ते डॉलरच्या रकमेत.

प्रत्येक चलनाची तऱ्हा निराळी. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरचा भाव ठरला की दुबईचाही ठरतो. आम्ही २०० दिरहम लावतो. ओमानच्या रियालचे हजार बैसे होतात, म्हणजे दशांशानंतर तीन अंक. येनला दशांशच नाही. सॉफ्टवेअरने सगळीकडे दोनच अंक धरले तर मस्कतच्या बाईकडून घेतलेल्या रकमेत दसपटीचा फरक पडेल. म्हणून नवं चलन सुरू करताना आधी आम्ही स्वतः छोटी खरेदी करून बघतो. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवरचा व्हॅट १ जानेवारी २०२१ पासून विक्रेत्यानेच घ्यायचा असतो, त्यासाठी तिथे नोंदणी केली. मोठ्यांच्या कपड्यांना २० टक्के, लहान मुलांच्या कपड्यांना शून्य. त्यामुळे आईची नऊवारी आणि लेकीची नऊवारी यांचा पौंडातला हिशेब आम्ही वेगवेगळा मांडतो.

सगळ्यात कठीण दिवस आले ते ऑगस्ट २०२५ मध्ये. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना असलेली करमाफी अमेरिकेने २९ तारखेपासून बंद केली, आणि भारतीय मालावर तेव्हा ५० टक्के जादा शुल्क लागू झालं होतं. टपालाने जाणारी तिकडची बहुतेक पार्सलं २५ तारखेपासूनच थांबली. गणपतीच्या साड्या तोवर पोचल्या होत्या, नवरात्राच्या मशीनवर होत्या. त्या बायकांनी ५५ डॉलर भरले होते. दारात आलेल्या कुरियरवाल्याने त्यांच्याकडे आणखी पैसे मागावेत, हे आम्हा दोघींनाही पटेना. भरणा झालेल्या सगळ्या ऑर्डरींचं शुल्क आम्ही भरलं. त्या तिमाहीत अमेरिकेच्या विक्रीत काही उरलं नाही, तरी तोच निर्णय मी आजही घेईन. नव्या ऑर्डरींना मात्र शुल्काची ओळ वेगळी दाखवून ते आगाऊ घ्यायला लागलो. साडीच्या भावात ते मिसळलं नाही, म्हणजे शुल्क बदललं तर तिला ते स्पष्ट दिसतं. १५ ऑक्टोबरला टपालसेवा पुन्हा सुरू झाली, तीही शुल्क इथेच आगाऊ भरण्याच्या सोयीसह.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० च्या वर गेला. आमचा डॉलरचा भाव तोच होता, म्हणजे प्रत्येक साडीमागे रुपये जास्त येऊ लागले. भाव उतरवावा का, यावर आम्ही बरंच बोललो. शेवटी ती वाढ शिलाईच्या दरात टाकली. काष्टा नीट बसवणाऱ्या आमच्या बायका घरी बसून हे काम करतात. डॉलर खाली आला तेव्हा त्यांचा दर आम्ही कमी केला नव्हता, पण चढला तेव्हा वाढवलाही नव्हता. आता वाढवला, आणि तो परत उतरणार नाही हे त्यांना सांगून टाकलं आहे.

परतावा द्यायचा असेल तर जितके डॉलर घेतले तितकेच परत. मधल्या काळात दर हलला तर तो फरक आमचा.

युरोतला भाव अजून लावलेला नाही. १५० युरोंपर्यंतच्या पार्सलचा व्हॅट आधीच भरायचा तर आमच्यासारख्या बाहेरच्या विक्रेत्याला युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो आणि त्याची फी वर्षाची असते. तोवर जर्मनीतल्या ग्राहकांना रुपयांतला भाव दिसतो आणि व्हॅट तिकडे पोचल्यावर भरावा लागेल हे ऑर्डर देण्याआधीच ठळक अक्षरांत सांगतो. म्युनिकहून मागणी वाढते आहे. ती फी किती साड्यांवर वसूल होईल, याचा हिशेब सध्या आमच्या सीएंबरोबर बसून काढतो आहोत.