मोगऱ्याच्या चहाचा शिफॉन केक

चहाचा केक दिसायला छान दिसतो, पण खाताना नुसता गोड लागतो आणि शेवटी जिभेवर तुरटपणा राहतो. फुलाचा वास मिश्रण ढवळताना आला तेवढाच. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं: चहा कडक उकळून तो दुधाच्या जागी ओतलेला असतो. उकळीत तुरटपणा भरपूर उतरतो आणि मोगऱ्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. केक भाजताना घरभर घमघमाट सुटला की आपण खूश होतो, पण तो वास केकमधून वजा झालेला असतो.

जस्मिन टी मूळचा चीनचा. फूजियान प्रांतातल्या फूचौ शहरात त्याची जुनी परंपरा आहे, आणि त्यातलं फूल जास्मिनम सँबॅक, म्हणजे आपला मोगराच. दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलायला लागल्या की त्या ग्रीन टीत मिसळतात. पत्ती रात्रभर वास ओढून घेते, मग मरगळलेली फुलं चाळून काढतात आणि पत्ती पुन्हा सुकवतात. भारी चहाला हा सोपस्कार अनेकदा होतो. माठात मोगऱ्याची फुलं टाकतो तोच हा न्याय, फक्त पाण्याच्या जागी पत्ती. म्हणून पाकिटात पाकळ्या खच्चून भरलेल्या दिसल्या तरी भुलू नका, त्यांचा वास आधीच देऊन झालेला असतो. पत्ती हुंगून घ्या. वरून सुवास मारलेल्या टी बॅग्ज घेऊ नका, त्या केकमध्ये साबणासारख्या लागतात.

मोगऱ्याच्या वासातले मुख्य घटक (बेन्झिल ॲसिटेट, लिनालूल) पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. त्यामुळे फुलाच्या केकला शिफॉन सगळ्यात सोयीचा, कारण त्यात लोणी नसतं, तेल असतं. हा केक बसवला लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकरने, १९२७ मध्ये. आडनाव बेकर असलं तरी धंदा विमा विकण्याचा. वीस वर्षं त्याने कृती कुणाला दिली नाही आणि १९४७ मध्ये जनरल मिल्स या अमेरिकन खाद्यपदार्थ कंपनीला विकली. त्याचं गुपित होतं हे तेलच. लोणी गार झालं की गोठतं आणि केक घट्ट करतं, तेल पातळच राहतं. लोण्याला स्वतःचा वासही असतो, आणि मोगऱ्यापुढे तो नको. व्हॅनिलाही त्याच कारणाने नको.

आदल्या रात्री

दोन वाट्या भिजत घालायच्या. एका वाटीत ५० ग्रॅम रिफाइंड सूर्यफूल तेल किंचित कोमट करून त्यात ४ ग्रॅम पत्ती घाला, झाकून ओट्यावरच ठेवा. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल चालणार नाही. दुसऱ्या वाटीत १०० ग्रॅम गार पाणी आणि ८ ग्रॅम पत्ती, झाकून फ्रीजमध्ये. गार पाण्यात तुरटपणा फार कमी उतरतो आणि वास टिकतो. सकाळी दोन्ही गाळा. पाण्यातला चोथा हलक्या हाताने दाबा, पिळून काढू नका. ८ ग्रॅम पत्ती ३५-४० ग्रॅम पाणी पिऊन बसते, तेव्हा हाती ६० ग्रॅमच्या आसपास येईल. त्यातलं ५० घ्यायचं आणि गाळलेल्या तेलातलं ४०.

घाई असेल तर उकळलेलं पाणी दुसऱ्या थंड पातेल्यात ओतून तीन-चार मिनिटं थांबा, साधारण ८० अंशांवर येऊ द्या, मग पत्ती टाकून चार मिनिटांत गाळा. चव कमी वाटली तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका.

तिसरी वाट पुडीची. ३ ग्रॅम पत्ती मिक्सरच्या पात्यांना लागतच नाही, म्हणून ती २० ग्रॅम साखरेबरोबर चटणीच्या भांड्यात फिरवा. साखरेच्या खड्यांनी पत्ती बारीक होते. मग अगदी बारीक गाळणीतून चाळा. वर राहिलेले काडीसारखे तुकडे टाकून द्या, ते भाजून मऊ होत नाहीत आणि दातात कचकचतात.

केक

१७ सेंटिमीटरचं, मध्ये नळी असलेलं ॲल्युमिनियमचं भांडं घ्या. नॉनस्टिक नको, आणि त्याला तेलाचं बोटही लावायचं नाही. शिफॉन भिंतीला धरून वर चढतो आणि गार होताना तिलाच लटकून राहतो. तूप लावलेल्या भांड्यात तो घसरून खाली बसेल.

चार अंडी लागतील, कवचासकट प्रत्येकी ५५ ग्रॅमची. फ्रीजमधून काढल्या काढल्या बलक आणि पांढरं वेगळं करा, गार असताना बलक फुटत नाही. पांढऱ्यात बलकाचा थेंब पडला किंवा भांडं तेलकट असलं तर फेस नीट धरत नाही. पांढरं परत फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडचा मैदा या केकला जरा चिवट पडतो, म्हणून ६५ ग्रॅम मैदा आणि १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर एकत्र दोनदा चाळा, वर चिमूटभर मीठ.

बलकात चहा-साखरेची चाळलेली पूड घालून मिनिटभर फेटा. मग ४० ग्रॅम तेल, बारीक धारेने, मेयोनीजला घालतात तसं. तेल वर तरंगताना दिसलं तर थांबून फेटा. हे मिश्रण नीट मिळून आलं नाही तर भाजताना तेल-पाणी तळाला उतरतं आणि केकला खाली रबरासारखा ओलसर थर येतो. मग ५० ग्रॅम चहा, तो फ्रीजमधला गारेगार नको, खोलीच्या तापमानाचा हवा. मग मैदा. गुठळ्या जाईपर्यंत बिनधास्त ढवळा. इतक्या तेलात मैद्याला तार सुटायची फारशी भीती नसते.

आता ओव्हन १६५ अंशांवर लावा आणि पांढऱ्याकडे वळा. त्यात एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून बीटरने फेस येऊ द्या, मग ६० ग्रॅम साखर तीन वेळा विभागून. वेग मध्यमच ठेवा, सुसाट फेटलं की बुडबुडे मोठे होतात. फेस चकचकीत असावा. बीटर उचलून उलटा धरला की टोक उभं राहून नुसतं शेंड्याशी वाकलं पाहिजे, पक्ष्याच्या चोचीसारखं. टोक ताठ असेल, फेस कोरडा आणि कापसासारखा तुटत असेल, तर तो पुढे गेला. तसा फेस बलकाच्या मिश्रणात मिसळत नाही, पांढऱ्या गाठी राहतात, आणि केक कापल्यावर त्या जागी भोकं दिसतात.

एक तृतीयांश फेस बलकात व्हिस्कनेच मिसळा, मिश्रण सैल होतं. उरलेला दोन वेळा, स्पॅच्युलाने तळापासून उचलून वर आणत. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबा. मिश्रण स्पॅच्युलावरून जाड फितीसारखं पडलं पाहिजे. पाण्यासारखं वाहत असेल तर फेस बसला, आता त्याला इलाज नाही, भाजून टाका आणि चहाबरोबर खा. मिश्रण भांड्यात एकाच जागेवरून ओता, काडी गोल फिरवून हवेच्या पोकळ्या मोडा, ओट्यावर एकदाच हलकेच आपटा.

ओटीजीत (घरातला छोटा विजेचा ओव्हन) खालच्या कप्प्यात, वर-खाली दोन्ही रॉड चालू, ३५ ते ४० मिनिटं. नुसती खालची रॉड लावली की तळ आधी फुगून वर उचलला जातो आणि केक उलटा केल्यावर तिथे खड्डा दिसतो. ओटीजीच्या बटणावरचे अंश बऱ्याचदा खोटे असतात, ओव्हन थर्मामीटर असेल तर अर्धे प्रश्न सुटतात. वरून फार लाल व्हायला लागलं तर वीस मिनिटांनंतर वरच्या कप्प्यात रिकामा ट्रे सरकवा. आधी दार उघडू नका. केक भांड्याच्या वर येतो, तडे जातात, मग जरासा खाली उतरतो. तडे जाणं हा दोष नव्हे. उलट त्या तड्यांकडेच बघायचं: आतली बाजू ओली चकाकत असेल तर अजून पाच मिनिटं, कोरडी आणि फिकट तपकिरी दिसली की झाला.

काढल्याबरोबर उलटा करा, नळी जाड तळाच्या बाटलीच्या मानेत अडकवा. पूर्ण गार व्हायला दोन-तीन तास लागतील. गरम असतानाच सोडवला तर कमरेत आत जातो, डमरूसारखा. उलटा केल्यावर भांड्यातून सुटून पडला तर कच्चा राहिला किंवा भांडं तेलकट होतं. गार झाला की पातळ सुरी भिंतीला दाबून एकदाच गोल फिरवा.

कोमट असताना वास बघू नका, त्या वेळी अंडंच जास्त जाणवतं. झाकून सहा-सात तास ठेवलेल्या केकमध्ये मोगरा स्पष्ट लागतो. वर क्रीम हवं असेल तर १५० ग्रॅम क्रीममध्ये ५ ग्रॅम पत्ती रात्रभर फ्रीजमध्ये भिजवा, गाळून १० ग्रॅम साखर घालून फेटा. क्रीम ३५ टक्क्यांहून जास्त फॅटचं लागतं. भाजीत घालतो ती २५ टक्क्यांची पाकिटं कितीही फेटली तरी उभी राहत नाहीत. गुलाबजल घालायचा मोह होईल, पण दोन फुलं एकत्र आली की दोन्ही कळत नाहीत. गुलाब हवा तर त्याचा वेगळा केक करा.

बाजारातल्या गजऱ्याची फुलं केकवर ठेवू नका, त्यांवर औषध मारलेलं असू शकतं. मोगऱ्याचं अत्तरही खाण्याचं नसतं. दारात फवारणी न केलेला मोगरा असेल तर संध्याकाळच्या टपोऱ्या कळ्या साध्या ग्रीन टीच्या डब्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वेचून काढा. पत्तीला दमटपणा येतो, म्हणून ती त्याच दिवशी तेलात आणि पाण्यात घाला.

अंड्याशिवाय होईल का, हे हमखास विचारलं जातं. शिफॉन नाही होणार. त्याचा सगळा डोलारा पांढऱ्याच्या फेसावर उभा आहे. कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या केकमध्ये हेच तेल आणि हीच पूड वापरता येते, मात्र पोत वेगळा असेल.

क्रीम नसलेला केक हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस राहतो, उकाड्यात एकच. कापताना दातेरी सुरी करवतीसारखी चालवा, वरून दाबलीत तर तो तिथेच चेपतो.