गावच्या घराचं रिवायरिंग: सॉफ्टवेअरचं घोडं गंगेत न्हालं

तर मंडळी, ड्रॉइंग कशात करायचं हा घोळ मिटला एकदाचा. एकच सॉफ्टवेअर शोधायचा नाद सोडला आणि दोन घेतली. घराचा प्लॅन स्वीट होम थ्रीडीत, सर्किट क्यूइलेक्ट्रोटेकमध्ये.

कारण सांगतो. प्लॅनवर मापं महत्त्वाची, बोर्ड जमिनीपासून किती वर, दाराची फळी कुठल्या बाजूला उघडते, भिंतीत झिरी कुठून मारायची वगैरे. सर्किटमध्ये मापाला काडीची किंमत नाही, तिथं कोण कुणाला जोडलंय एवढंच बघायचं. साध्या कॅडमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वायर म्हणून काढलेली रेघ ही नुसती रेघच असते, तिला माहीत नसतं की एका टोकाला एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आहे आणि दुसऱ्या टोकाला गीझर.

प्लॅनसाठी आधी लिब्रेकॅड हे कॅड वापरून बघितलं. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं आणि ज्यांनी डिप्लोमाला ऑटोकॅड घासलंय त्यांचा हात पटकन बसतो. भिंती एका लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर), लाइट पॉइंट दुसऱ्या, पॉवर पॉइंट तिसऱ्या, पाइप चौथ्या, म्हणजे हवा तो लेयर बंद करून प्रिंट काढता येते. फक्त त्यातून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची नेहमीची फाइल, सेव्ह होत नाही, त्यामुळे आर्किटेक्टशी फाइलची देवाणघेवाण डीएक्सएफमध्येच करा, ती दोन्हीकडे चालते. (ड्राफ्टसाइट हे दुसरं कॅड फुकट मिळायचं ते दिवस २०१९ सोबतच संपले, कुणी जुन्या लिंका पाठवू नका.)

पण घरी दाखवायला स्वीट होम थ्रीडी भारी पडलं. युनिट फूट-इंचावर करायचं, भिंत ओढता ओढता एंटर दाबायचं आणि माप टाइप करायचं, झालं. जुन्या कागदी प्लॅनचा फोटो असेल तर तो मागे लावता येतो, त्यावर माहीत असलेल्या एका अंतरावर रेघ बसवून तिची लांबी सांगितली की स्केल जुळतं. वस्तूला जमिनीपासूनची उंची देता येते, त्यामुळे स्विचबोर्ड साडेचार फुटावर कसा दिसेल ते थ्रीडीत फिरून बघता येतं. आईला रेघारेघांचा प्लॅन दाखवला की ती नुसतं हं हं करते, थ्रीडी दाखवल्यावर मात्र लगेच म्हणाली, "अरे, देवघरात एक पॉइंट दे की!" अजून एक युक्ती म्हणजे त्याच उंचीवर दुसरी लेव्हल टाकता येते, तिचा वापर मी लेयरसारखा करतोय, सगळं इलेक्ट्रिकल सामान त्या लेव्हलवर.

सर्किटसाठी क्यूइलेक्ट्रोटेक, हे पण फुकट आणि ओपन सोर्स. यातल्या प्रत्येक एलिमेंटला टर्मिनल असतात, टर्मिनल ते टर्मिनल ओढलं की कंडक्टर आपोआप काटकोनात बसतो आणि एलिमेंट हलवलं तरी जोडणी तुटत नाही. सरावाला विहिरीच्या मोटरचा डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) काढला, आकडे म्हणजे टर्मिनलचे नंबर: ओव्हरलोडचा ९५-९६, मग स्टॉप बटणाचा एनसी (एरवी जोडलेला काँटॅक्ट), स्टार्टचा एनओ (एरवी तुटलेला), त्याला पॅरलल काँटॅक्टरचा (कॉइलवर चालणाऱ्या मोठ्या स्विचचा) १३-१४, बटण सोडल्यावरही मोटर चालू राहावी म्हणून, शेवटी कॉइल ए१-ए२. कॉइल आणि तिचे काँटॅक्ट एकमेकांना लिंक केले की कुठला काँटॅक्ट कुठल्या पानावर आहे ते तेच लिहून देतं. हे लिब्रेकॅडमध्ये हाताने करायला गेलात तर डोक्याचं दही होईल.

खरी मजा इन्व्हर्टरच्या वेळी आली. प्लॅनवर हॉलचे दोन लाइट इन्व्हर्टरवर, एवढंच दिसतं. सर्किट काढलं की लगेच कळतं की त्यांचा न्यूट्रल पण वेगळा आणायला लागणार. नाहीतर जाताना करंट आरसीसीबीतून (जाणारा-येणारा करंट जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) आणि येताना बाहेरून, किंवा उलटं, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कशाला गप्प बसतोय, पडणारच. वायरमन बरेचदा "न्यूट्रल कॉमनच घेऊ की साहेब" म्हणतात, त्यांच्यासमोर हे पान ठेवलं की वाद होत नाही.

कीकॅड कुणीतरी सुचवलं होतं, ते पीसीबीसाठी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डासाठी) एक नंबर, घराच्या वायरिंगला नको. ड्रॉ डॉट आयओ हे डायग्रॅमचं सॉफ्टवेअर फोनवर बोलता बोलता सिंगल लाइन (सगळ्या वायरी एकाच रेघेत दाखवणारं कच्चं चित्र) खरडायला ठीक आहे.

प्रिंटचं मात्र नीट बघा. आपलं घर २५ बाय ३० फूट, १:५० ला ते साधारण १५२ बाय १८३ मिलिमीटर होतं, म्हणजे ए-फोरवर आरामात बसतं. पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फिट टू पेज चालू राहिलं की स्केल गेलं. कागद हातात आला की पट्टी लावायची, १० फुटाची भिंत ६१ मिलिमीटर भरली पाहिजे. वायरमन साइटवर लॅपटॉप उघडत नाही, तो कागदच भिंतीला धरतो आणि खडूने मार्किंग करतो.

आता डीबीचं, म्हणजे सगळे एमसीबी बसतात त्या बॉक्सचं, शेड्यूल (कुठल्या सर्किटवर काय) राहिलंय, ते एक्सेलमध्येच करणार. लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा धरून वाटणी चालू आहे, स्वयंपाकघर आणि मागची पडवी एकत्र घ्यायची का नाही तिथं अडलोय. आणि कुणी आपल्याकडच्या मॉड्युलर बोर्डांचे एलिमेंट क्यूइलेक्ट्रोटेकसाठी बनवले असतील तर द्या की राव, सहा मॉड्युल, आठ मॉड्युल, रेग्युलेटरसकट, नाहीतर मी बनवायला बसतोच.