लेखक : पप्पा

‘लेखकाचे नाव : पप्पा. लेखकाविषयी माहिती : नववी नापास. सध्या मुक्काम त्रिशूर.’

नववी क च्या ५२ वह्यांच्या गठ्ठ्यातली ही चाळिसावी की एकेचाळिसावी वही असेल. मी लाल पेन खाली ठेवलं. चेष्टा चाललीय का, हा पहिला विचार. दुसराही तोच.

जूनचा तिसरा आठवडा होता. शाळा सुरू होऊन चार-पाच दिवस झालेले, निम्म्या पोरांचे गणवेश अजून शिंप्याकडेच, आणि मी ऑफ तासाला सुट्टीतल्या अभ्यासाच्या वह्या उपसत बसले होते. हा अभ्यास मीच दिलेला. १ मेला आठवीचा निकाल सांगितला आणि त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २० पुस्तकांची यादी टाकली. त्यातली कुठलीही ३ वाचायची, प्रत्येकावर तीन पानं लिहायची. चौकट ठरलेली : पुस्तकाचे नाव, लेखक, लेखकाविषयी माहिती, मुख्य पात्रे, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध. मराठी शिकवायला लागून १४ वर्षं झाली, चौकट तीच आहे. यादीसुद्धा तीच, खरं सांगायचं तर. वरची तारीख तेवढी बदलते.

तोवर तपासलेल्या वह्यांमधल्या १९ जणांचे डोळे एकाच कादंबरीने ‘पाणावले’ होते, तेही एकाच वाक्यात, एकाच विरामचिन्हांसह. एका गुणी मुलाने मोबाइलवरून उतरवताना शेवटचे ‘अधिक वाचा’ हे शब्दही सुवाच्य अक्षरात लिहून खाली रेघ मारली होती. या सगळ्यांना मी दहापैकी सात-आठ गुण दिलेले. नववीला भाषेचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यात हे धरते मी. अक्षर बरं, पानं भरलेली, मग काय भांडायचं.

आणि मग हा ‘लेखक : पप्पा’.

पुस्तकाचं नाव होतं ‘दुकानाची वही’. तिन्ही पुस्तकांची मिळून नऊ पानं त्याने या एकाच ‘पुस्तकावर’ खर्च केली होती. मी वरवर चाळलं. एका ठिकाणी ‘पप्पांनी १२ हजारांची माती विकत घेतली आणि रात्रभर धुतली’ असं वाक्य सापडलं. त्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘माती विकत कशी? अतिशयोक्ती टाळ.’ शेवटच्या पानावर शेरा मारला, ‘पालकांना घेऊन ये.’

वडील गावात नाहीत हे मला ठाऊक होतं. हा सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा पट्टा. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, डाळिंबं-द्राक्षं दिसतात, पण त्याआधीच्या कितीतरी वर्षांत इथली माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे ते आटवून शुद्ध करायच्या धंद्याला, बाहेर पडली. देशातलं कुठलंही सराफ बाजार असलेलं शहर घ्या, तिथल्या एखाद्या बोळात आमच्याकडचा गलाईवाला सापडायचाच. माझ्या या एका वर्गात ११ मुलांचे वडील बाहेर आहेत. मी मूळची रत्नागिरीकडची. गलाईवाले म्हणजे यात्रेला मोठी वर्गणी देणारे आणि मे महिन्यात दुसऱ्या राज्याच्या पाटीची गाडी घेऊन येणारे, एवढीच माझी ओळख. ते तिकडे नक्की काय करतात, हे १४ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे आजोबा आले. धोतर, टोपी, हातात वायरची पिशवी. सगळं गाव त्यांना आण्णाच म्हणतं. नातू दाराशी खाली मान घालून उभा.

“पोरानं काय दंगा केला का, मॅडम?”

“दंगा नाही केला. चेष्टा केलीय,” मी वही पुढे सरकवली.

“चष्मा घरी ऱ्हायला. तुमीच वाचा की.”

मीही जरा ठसक्यातच वाचायला घेतलं, म्हणजे त्यांना कळावं केवढा आगाऊपणा आहे. ‘मुख्य पात्रे : या पुस्तकात १३ पात्रे आहेत. त्यातली ९ चांगली आहेत. ४ पैसे देत नाहीत. एका पात्राचे नाव फक्त चष्मेवाला असे आहे. पहिल्या पानापासून त्याच्याकडे ४.३२० ग्रॅम येणे आहे. शेवटी त्याचे काय होते ते लेखकाने लिहिलेले नाही.’

आण्णा एकदम खो खो हसायला लागले. टेबलावर थाप मारून म्हणाले, “चष्मेवाला अजून हाय व्हय! माज्या वक्तापासनं हाय त्यो. मलाबी बुडिवलंय त्येनं!”

स्टाफरूममधले दोघे-तिघे वळून बघायला लागले. मी हसले नाही, पण ठसका थोडा उतरला. मग मातीचं विचारलं. आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जोंधळा कशाला म्हणतात ते विचारलंय. सोनार कानस चालवतो, घासतो, पॉलिश करतो. त्याचा कण न् कण जमिनीवर, चटईत, झाडूत, हात धुतलेल्या पाण्याच्या गाळात जातो. तो सगळा केर साठवून ठेवतात आणि गलाईवाला तो अंदाजाने किंमत करून विकत घेतो. घरी आणून जाळायचा, कुटायचा, धुवायचा, आटवायचा. सोनं जास्त निघालं तर महिना निघाला, कमी निघालं तर खरीच माती. “बारा हजाराला घेतली म्हंजी पोरगं बेतानंच वागतंय,” आण्णा म्हणाले. मुलाबद्दल बोलत होते, नातवाबद्दल नाही.

माझ्या लाल अक्षरातला ‘अतिशयोक्ती टाळ’ हा शेरा आमच्या दोघांच्या मधोमध उघडा पडला होता. मी त्यावर हात ठेवला आणि पुढे वाचत राहिले. ‘आवडलेला प्रसंग’ या मथळ्याखाली त्याने चार पानं लिहिली होती. ती मी आदल्या दिवशी वाचलीच नव्हती. उलटली होती फक्त.

‘सोन्यात आधी तिप्पट चांदी घालून आटवतात. मला वाटले पप्पा चुकले. पण चांदी जास्त असली तरच तेजाब आतपर्यंत शिरते, नाहीतर सोने त्याला वरच अडवते. मग त्याच्या पातळ पट्ट्या करून काचेच्या भांड्यात घालतात आणि वर तेजाब ओततात. धूर झेंडूच्या रंगाचा असतो. शेवटचे तीन दिवस कामगार गावी गेला होता म्हणून मी ओतले. पप्पा म्हणाले श्वास धर आणि तोंड फिरव. चांदी तेजाबात विरघळते, ती दिसत नाही पण असते. सोने खाली राहते. ते पिवळे नसते. ते चहाच्या चोथ्यासारखे असते. पुन्हा आटवल्यावर पिवळे होते.’

विज्ञानाचे सर पलीकडे डबा खात होते. घास हातातच धरून म्हणाले, “तेजाब म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिड आहे ते. आणि चांदीचं प्रमाण अगदी बरोबर सांगितलंय, मॅडम. दहावीच्या पुस्तकातही एवढं नाही.”

मला बरं वाटलं. वाटलं, चला, शेवट गोड झाला. पोरगं हुशार आहे, आपण माफी मागू, गुण वाढवू. पण आण्णा हसायचे थांबले होते.

“मदलं पुन्यांदा वाचा,” ते म्हणाले. “कामगार गावी गेला, तितनं.”

मी वाचलं.

“हिकडं ये रं.” नातू आला. “हात दाव.”

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही टोकांना पिवळी. हळद लागल्यासारखी, पण हळदीपेक्षा आतली, कातडीतच मुरलेली. नखाच्या कडेला तपकिरी. ही बोटं मी आधी पाहिली होती. शाळेच्या दुसऱ्या दिवशी त्याच हाताने त्याने ही वही माझ्याकडे दिली होती आणि मी त्याला म्हणाले होते, “आंबा खाऊन हात धुवत जा रे.” वर्ग हसला होता. तोही हसला होता.

आण्णांनी त्याची बोटं आपल्या अंगठ्याने चोळून पाहिली. जाणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, ती कातडी निघून जाईपर्यंत तो रंग जात नाही. मग पिशवीतून बटणांचा मोबाइल काढला आणि व्हरांड्यात गेले. दार उघडंच होतं. सगळ्या स्टाफरूमला ऐकू जात होतं.

“तुला म्या तेजाबापाशी कवा बसवला? सांग की! … नववीला नापास झालास तवाच न्हेला ना तुला? त्येच्या आदी न्हेला का? … तीन दीस असंना न्हाईतर एक दीस असंना! … माज्या छातीचा भाता झालाय त्यो दिसंना व्हय तुला?”

मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, फक्त पलीकडचं ऐकत होते. घंटा झाली. आण्णा आत आले, वही मागितली, म्हणाले, “चार दीस असूं द्या माज्याकडं. वाचतो चष्मा लावून.” मला म्हणायचं होतं की वही अजून तपासायची आहे. म्हटलं नाही.

ते गेल्यावर मी त्या मुलाला थांबवलं. यादीतलं एकही पुस्तक का नाही वाचलंस, एवढं तरी विचारायला हवं होतं ना. आवाज मात्र खाली आणला होता.

“कपाटाला कुलूप होतं, मॅडम.”

“कुठल्या?”

“आपल्याच. मी २ मेला आलोवतो. क्लार्क सर म्हणाले, जूनमध्ये ये. रात्रीची मिरजेची गाडी होती.” मग जरा थांबून, “तिकडं सगळं मल्याळीच असतंय. पाट्या, पेपर, समदं. मराठी लिहिलेलं पप्पांची वही एकच होती.”

तास सोडून मी ग्रंथालयाच्या कपाटाशी गेले. साठ्याची नोंदवही काढली आणि माझी यादी शेजारी ठेवून खुणा करत बसले. १४ वर्षांत हे पहिल्यांदाच करत होते. यादीतल्या २० पैकी ९ पुस्तकं शाळेत होती. प्रत्येकाची प्रत एकच. वर्गात मुलं ५२. आणि सुट्टी लागली की कपाट बंद, कारण एखादं पुस्तक हरवलं तर भरपाई कोणाच्या खिशातून, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकापेक्षा जुना आहे. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या, ड वर्गातलं. संध्याकाळी दोन तास उघडतं, तिथे पेपर आणि पेपर वाचणारी म्हातारी मंडळी असतात, नववीतल्या मुलीला तिथे शिरायची सोय नाही. म्हणजे मी दर वर्षी मुलांना जे वाचायला सांगत होते ते हाताशी नसताना वाचायचं होतं, आणि तरी ५१ वह्या भरून आल्या होत्या. मला कधी आश्चर्य वाटलं नाही. डोळे पाणावल्याचं वाचलं, बरोबरची खूण केली, पुढची वही घेतली.

मुख्याध्यापकांशी कपाटाच्या किल्लीवरून काय झालं ते इथे लिहीत नाही. अजून चालू आहे.

(हे सगळं घरच्यांना विचारून लिहितेय. नावं तेवढी नकोत, असं आण्णा म्हणाले. “चष्मेवाल्याचं घाला खुशाल,” असंही म्हणाले, पण त्याचं नाव कोणालाच माहीत नाही.)

त्या रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. त्रिशूरहून वडील बोलत होते. मागे कसलातरी पंखा घरघरत होता. मला वाटलं, बोटांबद्दल काही सांगतील. सांगितलंही, पण एकाच वाक्यात, “चुकलं मॅडम, परत नाही होणार.” खरी काळजी वेगळीच होती.

“त्यानं वहीतली नावं लिहिलीत का हो, गिऱ्हाइकांची? आणि कुणाचं किती वजन ते? आमच्या धंद्यात ते बाहेर जाऊन चालत नाही.”

मी म्हटलं, चष्मेवाल्याशिवाय कुणाचाच आकडा नाही. बाकीच्यांना त्याने पात्र क्रमांक दिलेत.

“पात्र?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. यादी, चौकट, ‘लेखकाविषयी माहिती : नववी नापास’. ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मूल आहे. ते म्हणाले, “नाही, नाही, बरोबरच आहे. आणि शेवटी? शेवटी काय लिहिलंय?”

“शेवटी बोध लिहायचा असतो.”

“मग काय बोध घेतला त्यानं?”

“उधारी देऊ नये.”

ते हसले. आण्णांसारखेच, एकदम, मोठ्याने. हसता हसता ठसका लागला, मग खोकला. “थांबा हं मॅडम,” म्हणाले आणि फोन कुठेतरी फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. मी फोन कानाशी धरून थांबले. पंख्याच्या घरघरीतून तो खोकला बराच वेळ ऐकू येत राहिला.