मानेवर घुटना असताना दमसास कसा टिकवायचा

तालमीत नवीन आलेलं पोर पडायला फारसं घाबरत नाही. माती उकरून मऊ केलेली असते आणि पडणं क्षणात संपतं. घाबरगुंडी उडते ती त्यानंतर. वरच्याने कब्जा घेतलेला असतो, त्याची छाती आपल्या पाठीवर, मानेवर घुटना म्हणजे त्याचा गुडघा, नाकाशी माती, आणि श्वास पुरता भरत नाही. अशा वेळी चांगली ताकदवान पोरंसुद्धा हातपाय झाडून काही सेकंदांत रिकामी होतात. दबावाखाली मन जाग्यावर ठेवायला शिकायचं असेल, तर खालच्या कुस्तीइतकी चांगली जागा दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. इथला दबाव खरा असतो, हळूहळू वाढवता येतो आणि जोडीदाराने अंग उचललं की लगेच थांबतो.

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या. अंगावर वजन आलं की माणूस नकळत श्वास रोखतो किंवा गळ्याशी आखूड श्वास घेऊ लागतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यामुळे येते, ऑक्सिजन तोवर पुरेसा असतो. त्यामुळे अजून हवा आत ओढायची धडपड केली की घाबरणं वाढतं. आधी सोडायचं. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके थोडे उतरतात, मुठी सैल होतात आणि मग डोकं चालू लागतं. वस्ताद लोक ‘दम सोड, दम सोड’ म्हणून ओरडतात ते याचसाठी. पण ओरडण्याने ते येत नाही, त्याचा वेगळा सराव लागतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच होत नाही.

सराव वजनाशिवाय सुरू करा. पालथं झोपायचं, जोडीदाराने दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर पाठीकडून हलके ठेवायचे, आणि श्वासाने ते तळवे बाजूला ढकलायचे. छाती आणि पोट दाबलेलं असताना बरगड्यांना बाजूला आणि मागे फुगायला तेवढी जागा उरते. नाकाने तीन मोजेपर्यंत आत, ओठ बारीक करून सहा मोजेपर्यंत बाहेर. दोन-तीन मिनिटं पुरे.

मग गुडघ्यांवर बसायचं. गुडघे खांद्यांइतके फाकलेले, बसकण टाचांकडे, कोपरं मांड्यांच्या आतल्या बाजूला, नजर समोर. कपाळ मातीत टेकवू नका. टेकवलं की मान दुमडते, श्वास अडतो आणि घुटना ठेवायला वरच्याला आयती जागा मिळते. जोडीदाराने बराचसा भार स्वतःच्या हातापायांवर ठेवून छाती पाठीवर टेकवायची. ३० सेकंद, मग एक मिनिट विसावा, असं तीन वेळा. पुढे वजन वाढवायचं की नाही हे ठरवायला सोपी कसोटी आहे. खालच्याला साधा प्रश्न विचारा, ‘सकाळी काय खाल्लंस?’ त्याने सबंध वाक्यात उत्तर दिलं तर वजन वाढवा. एकच शब्द बाहेर पडला तर आहे तेवढंच ठेवा. उत्तरच आलं नाही तर कमी करा.

पूर्ण वजनाखाली एक मिनिट शांत बसता आलं की जोडीदाराने हलायला लागायचं: कधी डाव्या खांद्यावर भार, कधी उजव्या, कधी मानेवर घुटना. त्यानंतर घिस्सा, एकलंगी असे डाव लावायचे आणि खालच्याने फक्त बचाव करायचा. सुटका सर्वांत शेवटी, आणि तिचा क्रम मोडायचा नाही. आधी वरच्याचं मनगट धरून हात मोकळा करायचा. मग एक पाय रोवायचा, कंबर त्याच्यापासून लांब न्यायची आणि वळून समोरासमोर यायचं. मनगट न सोडवता उठायला गेलं की वरचा कमरेला बिलगूनच येतो आणि पुन्हा आपटतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घाबरून हात ताठ करून वर रेटणं. हात ताठ झाला की कोपर अंगापासून सुटतं, बगलेत जागा होते, वरचा तिथूनच हात घालतो आणि पाठ मातीला लागते. दुसरी चूक डोळे मिटण्याची. डोळे मिटले की भार कुठून कुठे सरकतोय याचा अंदाज जातो. तिसरी चूक शिकवणाऱ्याची असते: पहिल्याच आठवड्यात वीस-पंचवीस किलोंनी जड गडी अंगावर टाकायचा, म्हणजे ‘पोरगं कणखर होईल’. होत नाही. सुटायचा मार्ग न दिसता पुन्हा पुन्हा दबलं गेलं की शरीर हार मानायलाच शिकतं, आणि अशी पोरं तालीम सोडून जातात. ती भित्री होती म्हणून सोडून गेली, असं म्हणत हसणं फार अन्यायाचं आहे. सुरुवातीला जोडीदार आपल्याच वजनाचा आणि शांत स्वभावाचा हवा. ‘बस’ म्हटलं किंवा दोनदा थोपटलं की त्याने त्या क्षणी अंग उचललंच पाहिजे. थांबवता येतं यावर विश्वास बसल्याशिवाय कोणी खोल दबावात शांत राहत नाही.

यानंतर हेच दमलेल्या अंगाने करायचं: २५ जोर, ५० बैठका, आणि लगेच एक मिनिट वजनाखाली. मग बाहेरचा दबाव आणा. मातीवरच्या निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंत चालणाऱ्या कुस्तीत घड्याळ नसतं, तिथे धीर धरावा लागतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती, तिथे घाई अंगावर येते. दोन्हींचा सराव वेगळा करा. एक दिवस वेळेची मर्यादा न ठेवता, एक दिवस ‘दोन गुणांनी मागे आहेस, ४० सेकंद उरलेत’ असं सांगून. जत्रेच्या मैदानात उतरणाऱ्यांनी हलगी मोठ्याने लावून सराव करावा. त्या आवाजात वस्तादाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ऐकू न आल्यानेच पोरं बिथरतात. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वजन किंवा थकवा किंवा गोंगाट.

दोन फेऱ्यांमधल्या त्या ३० सेकंदांचाही सराव हवा. पहिले दहा सेकंद फक्त लांब उच्छ्वास आणि बोटं उघडी. पुढचे दहा वस्तादाची एकच सूचना ऐकायची, तीन नाही. शेवटचे दहा पाय झटकायचे. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १९५२ साली खाशाबा जाधवांना जपानच्या इशीशी दीर्घ लढत झाल्यावर मिळायला हवी ती विश्रांती न मिळताच सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं राहावं लागलं. ती कुस्ती ते हरले, तरी कांस्यपदक घेऊन आले. विश्रांती कापली जाणं काय असतं, हे त्यावरून कळावं.

हे सगळं तालमीबाहेर आपोआप उपयोगी पडतं असं मी म्हणणार नाही. मैदानात निर्धास्त असलेला पैलवान तोंडी परीक्षेत थरथरतो हे सर्रास दिसतं. सवय बाहेर न्यायची तर तीही सरावानेच न्यावी लागते. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलं असताना, नको असलेला फोन उचलण्याआधी, तोच तीन-सहाचा श्वास चार-पाच वेळा घ्या, मुठी उघडा आणि मनात एकच प्रश्न ठेवा: आत्ता पहिलं मनगट कुठलं सोडवायचं? पूर्ण सुटकेचा विचार त्या क्षणी करू नका.

आठवड्यातून दोन दिवस, मेहनत संपल्यावर पंधरा मिनिटं, एवढं पुरतं. रोज केलं तर मान आणि बरगड्या दुखावतात. दमा, उच्च रक्तदाब, मानेच्या मणक्याचा त्रास किंवा ताजी बरगडीची दुखापत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगावर वजन घेऊ नका. हातात मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तो दिवस तिथेच थांबवा. आणि सराव झाल्यावर साबणाने अंघोळ करून लंगोट त्याच दिवशी धुऊन उन्हात वाळवा. अंगाला अंग घासून नायटा झाला की जोडीदारालाही होतो, आणि दोघांचेही काही आठवडे जातात.