ग्लेझरची पाटी, ५०० किलोमीटरचा फेरा आणि मागच्या सीटखालची फळी

जुन्या मोटारीवर बॉडी बांधणाऱ्या कारखान्याची पाटी दिसली म्हणून लगेच त्या कारखान्याच्या गावाला निघू नका. आधी पाटी उचकटा आणि तिच्याखाली कुठला रंग आहे ते बघा. हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर चार दिवस आणि ३८० युरो वाचले असते.

आम्ही श्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला राहतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या आजोबांबरोबर भागीत १९३८ची डीकेडब्ल्यू एफ-७ ही जर्मन गाडी घेतली, फ्रंट लुक्सुस कॅब्रिओले, म्हणजे उघडता येणाऱ्या टपाची. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ६९२ सीसी, पुढच्या चाकांना ताकद. साध्या डीकेडब्ल्यूची बॉडी प्लायवूडची आणि वरून रेक्झिनसारखं कापड चिकटवलेली असायची. लुक्सुसला मात्र लाकडी सांगाड्यावर पत्रा. ती इतकी देखणी की लोक तिला ‘छोटी होर्श’ म्हणायचे (होर्श म्हणजे तेव्हाची महागडी जर्मन गाडी). विकणाऱ्याने दाराखालच्या पट्टीवरची पाटी दाखवली: ग्लेझर, ड्रेस्डेन. म्हणजे १८६४पासूनचं घराणं, मोठ्या होर्श गाड्यांना बॉडी चढवणारं. त्या एका पाटीपायी आम्ही बरेच पैसे जास्त मोजले.

मग खात्रीसाठी एक तज्ज्ञ गाठला. त्याने गाडी पाहिलीच नाही. सहा फोटो मागवले आणि आठवड्याने दोन पानी दाखला धाडला: ‘ग्लेझर असण्याची दाट शक्यता’. त्याचे ३८० युरो. दोन पानांतलं एक पान ग्लेझरचा इतिहास, जो कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतो. दुसऱ्यावर आमचेच फोटो. पाटी चुकीची निघाल्यावर विचारलं तर म्हणाला, मी शक्यताच म्हटलं होतं. मला अजून राग येतो. पैसे देण्याआधी लेखी विचारा: गाडीजवळ याल का, दाराचं अस्तर काढाल का, लाकडावरचे नंबर वाचाल का? तीनपैकी एकालाही नाही म्हणाला तर सोडून द्या.

मे महिन्यात माझा मेव्हणा कोल्हापूरहून आला. त्याचं तिथे डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. त्याला घेऊन निघालो. ए-८१ने वाइन्सबेर्ग, तिथून ए-६ने न्युर्नबेर्ग, मग ए-९, ए-७२ आणि शेवटी ए-४. श्टुटगार्ट ते ड्रेस्डेन साधारण ५०० किलोमीटर. यात वाईट वाटतं ते हे की ए-७२वर आधी झ्विकाउ लागतं, मग केम्निट्स, आणि ज्या गावांत खरी माहिती होती त्यांना ओलांडून आम्ही पुढे गेलो.

ड्रेस्डेनमध्ये एका गृहस्थांनी त्यांची खरी ग्लेझर बॉडीची वांडरर गाडी दाखवली. त्यांच्या पाटीच्या कडेला जुना रंग चढून बसला होता. मेव्हण्याने मोबाइलवर आमच्या पाटीचा फोटो मोठा केला आणि म्हणाला, “दाजी, ही पॉप रिबिट आहे. मधे भोक दिसतंय का? आमच्याकडं नंबर प्लेटला मारतात ती.” एवढंच पुरे होतं, पाटी अलीकडे मारलेली. तज्ज्ञाकडे हाच फोटो होता. दुसऱ्या दिवशी एल्बेकाठचे कडे बघितले, छान आहेत, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

परतताना केम्निट्स. १९३२ साली आउडी, डीकेडब्ल्यू, होर्श आणि वांडरर मिळून आउटो उनिओन झाली. तिची कागदपत्रं तिथल्या सरकारी अभिलेखागारात आहेत. अगोदर नोंदणी करा, फाइली अगोदर मागवा, आयत्या वेळी गेलात तर दिवस वाया. आत फक्त पेन्सिल न्या. टाइप केलेलं मी वाचू शकलो. पण समासातले हातचे शेरे झ्युटरलीन या जुन्या जर्मन हस्तलिपीच्या वळणाचे, आणि मोडी न शिकलेल्या माणसापुढे पेशवाईतलं पत्र ठेवावं तशी माझी गत झाली. वाचणारा कुणी सोबत असेल तर न्याच. चासी नंबर घेऊन जाऊन बॉडी कुणाची ते कळेल ही आशा सोडा. चासी नंबर कारखान्याचा, बॉडी नंबर बॉडीवाल्याचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. पाच तासांत उपयोगाचं एकच मिळालं: लुक्सुस कॅब्रिओलेच्या पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा येणारं नाव, बाउर, श्टुटगार्ट. आमच्या घरापासून अर्ध्या तासावरचं गाव!

झ्विकाउचं आउगुस्ट होर्श संग्रहालय जुन्या आउडी कारखान्यातच आहे, आणि डीकेडब्ल्यूच्या फ्रंट गाड्या १९३१पासून तिथेच बनत. लांबून बघू नका. वाकून दाराच्या बिजागऱ्या, पट्ट्या आणि टपाच्या कमानी बघा.

खरं काम घरी झालं, गॅरेजच्या थंड फरशीवर साडेतीन तास. पाटी काढली तर खाली जुन्या रंगाचा मागमूस नाही, १९९०नंतरच्या दुरुस्तीतला चकचकीत रंग सलग. म्हणजे पाटी त्याच्यावर मारलेली. मग दाराचं अस्तर काढलं. लाकडात ठोकलेला आकडा ४७. दुसऱ्या दारातही ४७, टपाच्या लाकडी कमानीवरही ४७. बॉडी एकाच गाडीची होती, भेसळ नव्हती. मागची सीट उचलून फळी पुसली. समोरून बॅटरी मारली तर काहीच दिसेना. मेव्हण्याने बॅटरी फळीला टेकवून आडवी धरली आणि काळ्या छापाची पुसट अक्षरं वर आली: ‘टगार्ट’. आधीची अक्षरं कुणीतरी घासून टाकलेली. श्टुटगार्टमध्ये १९०६पासून रॉयटरही होती (हिच्याच नावातून रेकारो सीटचं नाव आलं). पण डीकेडब्ल्यूच्या लुक्सुसचं काम आणि अभिलेखागारातलं नाव जोडलं की १९१०मध्ये सुरू झालेली बाउरच उरते. मला त्या रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला.

सोबत काय न्याल: लोहचुंबक, म्हणजे पत्रा कुठे आणि लांबी (पुट्टी) कुठे भरलीय ते कळतं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, डोक्याला बांधायची बॅटरी, रॉकेलचा बोळा. सँडपेपर नको, लाकडावरचं पेन्सिलचं लिहिणं एका घासणीत जातं. लाकूड नसून सगळा दाबून काढलेला पत्राच दिसला, तर बर्लिनच्या आंबी-बड या बॉडी कारखान्याचा विचार आधी करा. ते १९२६पासून अमेरिकी पद्धतीने पोलादी बॉड्या दाबून काढत. आणि पाठ दुखत असेल तर हे काम अंगावर घेऊ नका, अर्धा वेळ उताणं झोपून मान वाकडी करावी लागते.

ती पाटी विकणाऱ्याला परत पाठवली. रिबिटीची चारही भोकं मेव्हण्याने जाण्याआधी बुजवून दिली, आणि आजोबा आता बाउरच्या जुन्या पाटीचा खरा नमुना शोधतायत. मिळाला तरी तो गॅरेजच्या भिंतीवर लागेल, गाडीवर नाही.