आम्ही तर त्यांची वाट बघतोय

"म्हणजे तुमच्यात येशू नाहीत ना?" मी सहज विचारलं.

माझी मुसलमान मैत्रीण थांबली. "नाहीत कसे? आम्ही तर त्यांची वाट बघतोय."

मग तिने मोबाईलवर कुराणाचा 19वा अध्याय उघडला. नावच 'मरियम', म्हणजे येशूंची आई. 98 आयती, म्हणजे वचनं. कुराणात नावानिशी येणारी ही एकमेव स्त्री. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. खजुराच्या बुंध्याशी एकटी, कळा सोसणारी मरियम म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. वाचताना मैत्रिणीचा आवाज जड झाला. माझाही घसा दाटून आला.

फरक आहेत, आणि ते लहान नाहीत. ख्रिस्ती माणसासाठी येशू देवाचा पुत्र, क्रुसावर मेलेला, पुन्हा उठलेला. मुसलमानांसाठी येशू म्हणजे ईसा, पैगंबर आणि अल-मसीह, म्हणजे मसीहा. कुराण म्हणतं, त्यांना क्रुसावर मारलं गेलंच नाही, अल्लाहने वर उचलून घेतलं. शेवटच्या काळात ते परततील, दज्जालचा, म्हणजे खोट्या मसीहाचा, पाडाव करतील. हदीसमध्ये, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत, तर उतरायची जागाही आहे, दमास्कसच्या पूर्वेचा पांढरा मिनार. यहुदी श्रद्धेत मसीहा, म्हणजे देव पाठवणार तो तारणहार, अजून यायचाच आहे. बाराव्या शतकात मायमोनिडीज या यहुदी विद्वानाने मांडलेल्या श्रद्धेच्या 13 तत्त्वांत बारावं तेच: उशीर झाला तरी वाट बघेन.

तिचं ते "वाट बघतोय" दिवसभर डोक्यातून जात नाहीये. इतकी वर्षं सोबत आहोत, आणि मी प्रश्न विचारला तोही 'नाहीत ना?' असा.

तुम्ही कधी विचारलंय कुणाला, तुम्ही कुणाची वाट बघता?